बालव्यवसायोपचाराची फेलोशिप : अर्ज नेमका कुठे अडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची पदवी घेऊन इंटर्नशिप संपवलेले अनेक तरुण-तरुणी लहान मुलांच्या विभागांतल्या फेलोशिपसाठी अर्ज करत असतात. असे अर्ज वाचणं आणि मुलाखती घेणं हे आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. अर्ज बाजूला पडतो तो गुण कमी असल्यामुळे फार क्वचित. बहुतेक वेळा चार-पाच पानं वाचूनही त्या उमेदवाराने मुलासमोर बसून नेमकं काय केलं, हे कळत नाही. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही आणि जाहिरातीतही लिहिलेलं नसतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

आधी एक खुलासा, कारण पालकांच्याच नव्हे तर कधीकधी उमेदवारांच्या घरातही गोंधळ असतो. रुग्णालयात 'ओटी' म्हटलं की लोकांना शस्त्रक्रियागृह आठवतं. आमचा ओटी विभाग वेगळा. जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, खेळणं, शाळेत बसणं ही मुलाची रोजची कामं त्याला जमावीत म्हणून तिथे उपचार होतात. या शाखेचं देशातलं पहिलं शिक्षण १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं, आणि १९५२ साली जागतिक व्यवसायोपचार महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत संस्थापक देशांमध्ये होता. म्हणजे परंपरा जुनी आहे, पण पदवीनंतर लहान मुलांपुरतं खास प्रशिक्षण मिळण्याच्या जागा आजही मोजक्या आहेत. फेलोशिप ही अशी एक जागा. ती पदव्युत्तर पदवी नाही. एमओटी या पदव्युत्तर पदवीच्या जागी ती चालत नाही, आणि अध्यापकाच्या पदासाठी ती पुरेल असं गृहीत धरू नये. प्रमाणपत्र विद्यापीठाचं आहे की रुग्णालयाचं स्वतःचं, हे अर्ज करण्याआधी विचारून घ्यावं. रुग्णालयाचं असेल तरी ते कमी प्रतीचं ठरत नाही. कुणाच्या हाताखाली, किती तास आणि कोणत्या प्रकारची मुलं पाहायला मिळणार, यावर त्याची किंमत ठरते.

तयारीची सुरुवात बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून करतात. जाहिरात आली की 'स्टेटमेंट', म्हणजे उद्देशपत्र, लिहायला बसतात आणि कागद शेवटच्या आठवड्यात गोळा करतात. सगळ्यात आधी लागतं ते लसीकरण. मुलांच्या वॉर्डात आणि नवजात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांकडून हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रांचा पुरावा मागितला जातो. त्या मात्रा शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने घ्यायच्या असतात, म्हणजे आज सुरुवात केली तरी पूर्ण व्हायला सहा महिने. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंडांची पातळी तपासतात. ती १० मिलि-इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर किंवा जास्त असेल तर संरक्षण आहे असं मानतात, कमी आली तर पुन्हा मात्रा घ्याव्या लागतात. कांजिण्या आणि गोवर-गालगुंड-रुबेला यांच्याबद्दलही विचारणा होते. 'लहानपणी झाल्या होत्या, आई सांगते' एवढ्यावर वॉर्ड उघडत नाही. बेसिक लाइफ सपोर्टचं कार्ड साधारण दोन वर्षं चालतं. त्यावरची तारीख फेलोशिपच्या मधेच संपत असेल तर आधीच नवं करून घ्यावं.

दुसरी अडचण नावाची, आणि ती खास आपल्याकडची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि आईचं. पासपोर्टवर क्रम उलटा. पदवी प्रमाणपत्रावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' जास्त, राज्य परिषदेच्या व्यावसायिक नोंदणीवर लग्नानंतरचं आडनाव. छाननी करणारा कारकून हे सगळे कागद एकाच व्यक्तीचे आहेत असं स्वतःहून ठरवणार नाही, तसं त्याने ठरवूही नये. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रत जोडावी, स्पेलिंगच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र. राज्य परिषदेची नोंदणी चालू आहे का, तिचं नूतनीकरण राहिलं आहे का, तेही पाहावं. दुसऱ्या राज्यात अर्ज करत असाल तर आपल्या परिषदेकडून गुड स्टँडिंगचं, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं, प्रमाणपत्र लागतं आणि ते एका दिवसात मिळत नाही. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने नोंदणीची रचना बदलते आहे, म्हणून जाहिरातीत राज्य परिषद म्हटलं आहे की राष्ट्रीय नोंदवही, ते शब्द नीट वाचावेत. विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी किमान दोन महिने हाताशी ठेवावेत.

आता मुख्य गोष्ट, लॉगबुक. 'इंटर्नशिपमध्ये चारशे मुलं हाताळली' असं वाक्य वाचलं की वाचणारा लगेच आकडेमोड करतो. बालविभागातली नेमणूक सहा आठवड्यांची धरली, आठवड्याला सहा दिवस, तर ३६ दिवस झाले. दिवसाला पाच सत्रं धरली तर १८० सत्रं. पण तीच मुलं आठवड्यातून दोनदा येतात, म्हणजे आठवड्याच्या तीस सत्रांत पंधरा मुलं. काही सोडून जातात, काही नवी येतात. सहा आठवड्यांत पंचवीस-तीस मुलं हा खरा आकडा. तो लिहिला तर अर्ज जास्त वजनदार होतो, कारण पुढच्या प्रत्येक ओळीवर विश्वास बसतो. सत्रं आणि मुलं यांची बेरीज वेगवेगळी द्या.

लॉगबुकमध्ये मुलाचं नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा. वय महिन्यांत, निदान, कार्यक्षमतेची पातळी, वापरलेली चाचणी, उद्दिष्ट, सत्रांची संख्या आणि शेवटी काय झालं. यात एक रकाना बहुतेकांचा राहून जातो, तो म्हणजे स्वतःची भूमिका. पाहिलं, मदत केली, की देखरेखीखाली स्वतः केलं, या तीनपैकी एक शब्द प्रत्येक ओळीत हवा. ज्याने पन्नास ओळींपैकी वीस ओळींत 'पाहिलं' असं प्रामाणिकपणे लिहिलं आहे, त्याने उरलेल्या तीस ओळी खऱ्या लिहिल्या असणार असं वाचणाऱ्याला वाटतं. सहीसाठी वरिष्ठांकडे दर शनिवारी जावं. वर्षाअखेरी एकाच पेनाने, एकाच दिवशी केलेल्या साठ सह्या लगेच ओळखू येतात.

सोबत जोडायचा केस रिपोर्ट हा अर्जाचा प्राण, आणि चुकाही तिथेच सर्वांत जास्त. पहिली चूक वयाची. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, म्हणजे जन्मापासून २६ आठवडे झाले. ते दहा आठवडे लवकर आलेलं आहे, म्हणून त्याचं सुधारित वय १६ आठवडे, साधारण पावणेचार महिने. दोन वर्षांपर्यंत हे सुधारित वयच धरायचं असतं. ते न धरता 'सहा महिन्यांचं बाळ कुशीवर वळत नाही, विकास विलंबित' असं लिहिलं की बिचाऱ्या बाळाच्या माथी नसलेलं निदान बसतं. उलट धोकाही आहे. बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली पाहण्याच्या प्रेख्टल यांच्या पद्धतीत ज्या बारीक, सतत चालणाऱ्या 'फिजेटी' हालचाली पाहतात, त्या सुधारित वयाच्या साधारण नवव्या ते विसाव्या आठवड्यात दिसतात. हे बाळ १६ आठवड्यांचं आहे, म्हणजे नेमकी आत्ताच ती पाहायची वेळ. जन्मतारखेवरून २६ मोजणारा म्हणेल, वेळ निघून गेली. चार-सहा आठवडे थांबलं तर ती खरंच निघून जाते.

दुसरी चूक पातळी लिहिण्यातली. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाल बिघडलेल्या, मुलाबद्दल नुसतं 'मध्यम तीव्रता' लिहून काही समजत नाही. हालचालीसाठी जीएमएफसीएस आणि हाताच्या वापरासाठी मॅक्स ही वर्गीकरणं आहेत, दोन्हींच्या पाच-पाच पातळ्या आहेत आणि त्या आकड्यांतच लिहाव्यात. मॅक्स चार ते अठरा वर्षांसाठी आहे. एक ते चार वर्षांच्या मुलासाठी मिनी-मॅक्स आहे. अडीच वर्षांच्या मुलापुढे 'मॅक्स तीन' असं लिहिलेलं दिसलं की उमेदवाराने तक्ता उघडून पाहिलेला नाही हे कळतं. हाइन ही बाळाच्या मज्जासंस्थेची तपासणी दोन ते चोवीस महिन्यांची, एकूण ७८ गुणांची. गुण लिहिताना बाळाचं वयही लिहावं लागतं, कारण तीन महिन्यांचे ५५ आणि बारा महिन्यांचे ५५ यांचा अर्थ एक नसतो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक उद्दिष्टाची. 'फाइन मोटर (हाताबोटांच्या बारीक हालचाली) सुधारणे', 'पकड वाढवणे', 'सेन्सरी समस्या कमी करणे'. यातलं एकही मोजता येत नाही. मराठी घरातल्या मुलाचं उद्दिष्ट मराठी घरातलंच असायला हवं. भाकरी एका हाताने मोडणं घ्या. करंगळी आणि अनामिका भाकरी ताटावर दाबून धरतात, त्याच वेळी अंगठा आणि तर्जनी तुकडा ओढतात. म्हणजे एकाच हाताच्या दोन बाजू दोन वेगळी कामं करतात. बटण लावताना, पेन्सिल धरताना हेच कौशल्य लागतं. चमच्याने खाण्याच्या गुणांकनात ते कुठेच येत नाही. मऊ पोळी, मग जाड भाकरी, मग तीच भाजीत बुडवून तोंडापर्यंत नेणं अशी पायरी लावता येते. असं बारकाईने पाहिलेलं रिपोर्टमध्ये दिसलं की वाचणारे थांबून पुन्हा वाचतात.

समजा साडेचार वर्षांचा मुलगा आहे, उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया (त्या बाजूच्या हातापायातला अशक्तपणा), मॅक्स दोन. तो डाव्या हाताने जेवतो. घरच्यांची मागणी असते की त्याने उजव्याच हाताने जेवावं, कारण डाव्या हाताने जेवणं पंगतीत चालत नाही. उमेदवार इथे दोन टोकांना जातात. काही जण घरच्यांचं ऐकून उजव्या हाताने घास घेण्याचं उद्दिष्ट लिहितात आणि तीन महिन्यांनी अपयश नोंदवतात. काही 'पालकांची चुकीची समजूत' असं लिहून मोकळे होतात. रिपोर्टमध्ये दिसायला हवी ती मधली वाट: डाव्या हाताने घास, पण उजवा हात ताट धरून किंवा भाकरी दाबून ठेवेल, आणि आजीला हे दाखवून दिलं की उजवा हात जेवणात सामील आहे. ही बोलणी कोणाशी, किती वेळा झाली, कुठे अडलं, ते दोन ओळींत लिहावं.

प्रगती मोजायला गोल अटेनमेंट स्केल, म्हणजे उद्दिष्टपूर्तीची पाच पायऱ्यांची मोजपट्टी, सोपी आहे. वजा दोन म्हणजे आजची स्थिती: उजवा हात मांडीवर पडून असतो. वजा एक: सांगितल्यावर ताटाच्या कडेवर येतो. शून्य म्हणजे बारा आठवड्यांत अपेक्षित ते: दहा घासांपैकी पाच वेळा न सांगता भाकरी दाबून धरतो. अधिक एक: दहांपैकी आठ वेळा. अधिक दोन: घराबाहेर, शाळेच्या डब्यावरही तसंच. पाचही पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या असतात. नंतर लिहिल्या तर निकालाप्रमाणे वाकवल्या जातात.

आणि मात्रा. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहितात तशी सरावाची तासांत लिहावी. हेमिप्लेजियाच्या मुलांमध्ये एखादं ठरावीक उद्दिष्ट गाठायला साधारण १४ ते २५ तास सराव लागतो, हाताचा एकूण वापर सुधारायला ३० ते ४० तास. आता आपल्या ओपीडीचा हिशोब करा. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास, म्हणजे आठवड्याला दीड तास. बारा आठवड्यांत अठरा. पाऊस, परीक्षा, घरातलं लग्न यांत एक तृतीयांश सत्रं बुडाली तर बाराच उरतात. उपचार चुकीचा नव्हता, मात्रा अपुरी पडली. घरी रोज वीस मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस धरले तर बारा आठवड्यांचे चोवीस तास होतात. रिपोर्टमध्ये 'घरचा व्यायाम सांगितला' असं लिहू नये. काय, कोणत्या वेळी, कोणाबरोबर, किती मिनिटं ते लिहावं आणि कॅलेंडरवर आईने केलेल्या खुणा मोजाव्यात. नियोजित तास आणि प्रत्यक्षात झालेले तास शेजारी शेजारी द्यावेत. ज्या रिपोर्टमध्ये हा फरक मोकळेपणाने दिला आहे, तो यशस्वी ठरलेल्या गुळगुळीत रिपोर्टपेक्षा वरचा मानावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चाचण्यांबद्दल थोडं. 'बीओटी' हे आपल्या पदवीचं नाव आहे आणि ब्रुइनिंक्स-ओसेरेट्स्की या हालचालींच्या कौशल्याच्या चाचणीचंही तेच लघुरूप आहे, म्हणून अर्जात पूर्ण नाव लिहावं. ही चाचणी चार वर्षांपासून पुढे. त्याआधी पीबॉडी ही तशीच चाचणी वापरता येते. पण त्यांची प्रमाणं परदेशी मुलांवरची आहेत हे एका वाक्यात नोंदवावं. तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी दासी ही आपल्याकडच्या बाळांवर प्रमाणित केलेली मोजपट्टी आहे. हस्ताक्षराच्या बाबतीत तर परदेशी चाचणी जशीच्या तशी लावताच येत नाही. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर बसतात, देवनागरी अक्षरं वरच्या रेषेला टांगलेली असतात. शब्द लिहून झाला की हात परत डावीकडे आणून शिरोरेषा ओढायची असते. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते पण कागदावर त्याच्या डावीकडे बसते. मराठी माध्यमातल्या दुसरीच्या मुलाची ओळ वाकडी जात असेल तर ती अक्षर काढताना वाकते की शिरोरेषा ओढताना, हे वेगळं पाहावं लागतं. शिरोरेषेशी अडत असेल तर अक्षरं नीट असतात पण दोन शब्द एकमेकांत मिसळतात. हे निरीक्षण करायला कोणतंही महागडं किट लागत नाही, वही आणि पंधरा मिनिटं लागतात.

उद्देशपत्राला आम्ही पाचशे ते सातशे शब्द पुरेसे मानतो. 'मला लहानपणापासून मुलांची आवड आहे' या वाक्याने सुरू होणारं पत्र वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. काय करता येतं, काय अजून येत नाही, आणि ते याच रुग्णालयात का शिकायचं आहे, एवढंच हवं. 'अजून येत नाही' हा भाग लोक घाबरून गाळतात. नवजात अतिदक्षता विभागात कधी उभं राहिलेलं नसेल तर तसं सरळ लिहावं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भवयाच्या साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, एवढं वाचून 'फीडिंग थेरपीचा अनुभव' असं लिहिणाऱ्याला मुलाखतीत पहिलाच प्रश्न विचारला जातो की स्पर्श करण्याआधी बाळाच्या कोणत्या खुणा पाहिल्यास? रंग, श्वास, हृदयगती, ऑक्सिजनची पातळी, बाळ जागं आहे की झोपेत, हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला ते सांगता येत नाही.

शिफारसपत्र विभागप्रमुखांचंच हवं असा समज आहे. ज्या वरिष्ठांनी तुम्हाला मुलाबरोबर काम करताना पाहिलं त्यांचं पत्र जास्त उपयोगी. त्यांना तीन आठवडे आधी सांगावं आणि सोबत एका पानाचं टिपण द्यावं: कोणती मुलं एकत्र पाहिली, कुठे चुकलं, काय दुरुस्त केलं. नाहीतर 'मेहनती, वक्तशीर व मनमिळाऊ' हे तीन शब्द सगळ्यांच्या वाट्याला येतात.

व्हिडिओ जोडायचा असेल तर सावध. मुलाचा चेहरा, आवाज आणि निदान हे तिन्ही त्याचे खाजगी तपशील आहेत. उपचारासाठी दिलेली संमती अर्जाला जोडण्यासाठी चालत नाही. पालकांना समजेल अशा भाषेत वेगळा कागद हवा, त्यात कोण पाहणार आणि कधी पुसून टाकणार हे लिहिलेलं हवं. फोनवर पडून राहिलेल्या चित्रफिती पाठवू नयेत. संमती नसेल तर व्हिडिओ नको, त्याने अर्ज कमकुवत होत नाही.

मुलाखतीत बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष मूल समोर असतं किंवा दोन-तीन मिनिटांची चित्रफीत दाखवतात. इथे घाई नडते. आत शिरल्या शिरल्या मुलाचे पाय सरळ करायला जाणारे, आईशी इंग्रजीत बोलणारे, एक हालचाल पाहून 'सेन्सरी सीकर' (सतत संवेदना शोधणारा) असा शिक्का मारणारे, हे तिघेही मागे पडतात. आधी दोन मिनिटं गप्प बसून पाहावं. मग आईला विचारावं, 'घरी हा स्वतःहून काय काय करतो?' झोपाळ्यावर बसवण्याआधी फिट येतात का, डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) आहे का, आणि काही खायला देण्याआधी गिळताना ठसका लागतो का, हे विचारलंच पाहिजे. हे तीन प्रश्न न विचारता केलेली कितीही सफाईदार सेन्सरी इंटिग्रेशनची (संवेदनांचा मेळ बसवण्याच्या उपचाराची) मांडणी आमच्या लेखी नापास.

पुराव्यांवरही बोलणं होतं. आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ आणि २०२० साली सेरेब्रल पाल्सीतल्या उपचारांची हिरवा, पिवळा, लाल अशी सिग्नलसारखी प्रतवारी केली. प्रत्यक्ष काम करून घेणारे, उद्दिष्टाला धरून चालणारे उपचार त्यात वर आले, आणि मुलाला नुसतं हाताळून 'पॅटर्न दुरुस्त करणारे' खाली गेले. आपल्याकडे अनेक विभागांत आजही दुसऱ्या प्रकारचं काम जास्त चालतं. उमेदवाराने आपल्या शिक्षकांवर टीका करायची गरज नाही, पण दोन्हींतला फरक त्याला उदाहरणाने सांगता यायला हवा.

मुलाखत दोन्ही बाजूंची असते, हे आपल्याकडे उमेदवारांना कुणी सांगत नाही. दिवसाला किती मुलं पाहावी लागतील? आठवड्यातून किती तास वरिष्ठ शेजारी बसून पाहतील, आणि ते वरिष्ठ स्वतः बालविभागातच काम करतात का? विद्यावेतन किती, बंधपत्र आहे का, सोडल्यास किती रक्कम? दिवसाला बारा मुलं आणि देखरेख 'गरज पडल्यास' असं उत्तर आलं तर ती फेलोशिप नाही, कमी पैशांतली नोकरी आहे, आणि तसं समजूनच निर्णय घ्यावा. मूळ प्रमाणपत्रं दाखवावीत, साक्षांकित प्रती द्याव्यात, पण मूळ कागद वर्षभर ठेवून घ्यायला कुणालाही देऊ नयेत.

परदेशात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांतल्या फेलोशिप साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या असतात आणि तिथली राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा व राज्याचा परवाना असलेल्यांसाठी असतात. भारतातून शिकलेल्यांना त्या परीक्षेला बसण्याआधी ती घेणाऱ्या एनबीसीओटी या संस्थेकडून पात्रता ठरवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी नुसती बीओटी पुरत नाही, पदव्युत्तर पातळीचं शिक्षण लागतं. थेट फेलोशिपलाच अर्ज करून शुल्क वाया घालवू नये.

शेवटी रुग्णालयांकडे मागणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी होऊन विकासात मागे असलेली मुलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडे पाठवली जातात. तिथे मुलाचं खाणं-पिणं, हात, शाळा पाहणारा माणूस लागतो, आणि तो आपोआप तयार होत नाही. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांनी फेलोशिपमधले किमान सहा आठवडे अशा जिल्हा केंद्रात ठेवावेत. तिथल्या कामाची सही तिथल्या वरिष्ठांची चालावी, आणि केस रिपोर्ट मराठीत लिहिलेला असला तरी स्वीकारावा. मुलाच्या घरच्यांनी सांगितलेलं उद्दिष्ट मराठीतच सांगितलेलं असतं, इंग्रजीत नेताना त्यातली भाकरी 'फीडिंग' होऊन बसते.

जाहिरातीत चार गोष्टी छापून याव्यात: आठवड्याचे देखरेखीचे तास, दिवसाला मुलांची कमाल संख्या, विद्यावेतन व बंधपत्र, आणि लॉगबुक, केस रिपोर्ट व मुलाखत यांना किती गुण आहेत तो तक्ता. ज्यांची निवड झाली नाही त्यांना त्याच तक्त्यावरचे त्यांचे गुण कळवावेत. एक पान आणि एका कारकुनाचा अर्धा दिवस, एवढाच त्याला खर्च आहे. पुढच्या भरतीपासून हे सुरू करता येईल.

आपले,
बालव्यवसायोपचारात काम करणारे तीन उपचारतज्ज्ञ, मुंबई